आत येणारी हवा

दुपारी अडीच. हालोल रस्ता, जरोदच्या अलीकडे.
बाहेर त्रेचाळीस.
काचेला चिकटवलेल्या फोनवर
इंजिनात शिरणाऱ्या हवेचा आकडा: एकाहत्तर.
तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला
तर लिनिया निघते, पण कशी,
"येते हं" म्हणत म्हणत
दारातच बोलत उभ्या राहिलेल्या बाईसारखी.

केतुलने तिच्यात नवा मॅप भरला तो डिसेंबरात.
त्या रात्री गोल्डन चोकडीच्या पुढे
मी गाडीत एकटीच मोठ्याने हसले होते.

आता तोच म्हणतो, "बेन, मोटुं नंखावी दो."
बंपरमागे आडवा, जाड गाभ्याचा इंटरकूलर,
पंचावन्न हजार, पाइप वेगळे,
आणि आतला लोखंडी पट्टा थोडा कापायचा.
"थोडा" म्हणताना तो हातांनी जे अंतर दाखवतो
ते माझ्या पट्टीवर अकरा सेंटिमीटर भरतं.

मकरपुऱ्यात सव्वीस वर्षं मी हेच करते.
दुसऱ्यांच्या उष्णतेचे हिशेब.
दहेजच्या ऍसिडला, कुठल्या डेअरीच्या दुधाला
किती नळ्या, किती पंख.
मोठं केलं की निवतं खरं,
पण वाटेत दाब पडतो,
पोट भरायला हवा जास्त लागते
आणि मागे बसलेल्या रेडिएटरच्या वाट्याला
उष्टा, कोमट वारा.
फुकट काही निवत नाही, असं मी
दर जुलैत नव्या पोरांना ऐकवते.
स्वतःला ऐकवताना आवाज बारीक होतो.

पहाटे तीनला जाग.
मान ओली, उशी ओली, एसी बावीसवर.
डॉक्टर म्हणाल्या, दोन वर्षं चालेल हे. पाचही.
ओट्यापाशी उभी राहून
माठातलं पाणी मनगटांवर ओतते
आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीत मांडते:
वर्षातून किती दुपारी मी गाडी अशी पिटाळते?
खरं उत्तर, आठ.
त्यातल्या पाच नुसता आकडा बघायला.
पंचावन्न हजार भागिले तीन.
"हौसेला भागायचं नसतं,"
मोरेश्वर गोधडीतून म्हणतो आणि कूस बदलतो.
त्याच्याकडे ऍक्टिव्हा आहे.

रविवारी माप घ्यायला बंपर उतरवला.
उजव्या चाकापुढे तो जुना, शाळेच्या पाटीएवढा.
निम्म्या अंगावर वाळलेला चिखल,
पाखरांचे पंख, लिंबाच्या काड्या,
आणि वारा त्याच्याकडे वळवणारं नळकांडं
मुळात नव्हतंच.
आधीच्या मालकाने, आणंदच्या त्या दातांच्या डॉक्टरने,
कुठेतरी ठोकून फेकून दिलं असणार.
चार उन्हाळे बिचारी
तोंडाला ओढणी बांधून धावत होती
आणि मी तिची छाती मोठी करायला निघाले होते.
केतुल जरा वेळ पान्ह्याशी खेळत बसला.

रॉकेल, टूथब्रश, दोन तास.
सोमवारी कारखान्यातल्या भंगारातून
ऍल्युमिनियमचा पत्रा.
रतिलालभाईंनी तो वाकवला,
कशासाठी ते विचारलं नाही,
रिवेट मारताना फक्त म्हणाले, "वासण जेवुं लागे छे."
भांड्यासारखंच दिसत होतं.

तोच रस्ता, अडीच, त्रेचाळीस.
अठ्ठावन्न.

केतुलला फोन केला.
"मोटुं होत, तो अडतालीस आवत."
बरोबर आहे त्याचं.
माझ्या वहीत सत्तेचाळीस आलं होतं.
मी त्याला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.
ड्रॉइंग ड्रॉवरमध्ये आहे,
अकरा सेंटिमीटरवर लाल पेनाची खूण.

सुसेनच्या सिग्नलला उभी राहिले की आकडा चढतो.
बासष्ट. सहासष्ट.
उभ्या गाडीला कुठलाच गाभा निववत नाही,
पाटीएवढा असो की पाटाएवढा.
काच खाली करते.
अजून चाळीस सेकंद,
आम्ही दोघी.